पावसापूर्वींची शाकारणी

वैशाख सरत आला म्हणजे कोंकणांतील कौलारू घरांच्या छपरांवर माणसें चढलेलीं दिसतात. कोणी फुटकीं कौलें काढतो, कोणी सरकलेलीं नीट बसवितो, कोणी वासे ठोठावून त्यांतला किडलेला कोणता तें पाहतो. या कामास शाकारणी म्हणतात. ऊन रणरणत असतें, आभाळांत ढगाचा ठिपकाहि नसतो, आणि तरीहि घरधनी गांठीचे पैसे मोडून हें काम करवून घेतो. यंदा पाऊस शंभर इंच पडेल कीं दीडशें, पहिली सर कोणत्या दिवशीं येईल, वाऱ्याचा मारा कोणत्या पाख्यावर अधिक होईल, हें त्यास कोणींहि सांगितलेलें नसतें. तें कळेपर्यंत थांबेन असें तो म्हणत नाहीं. कारण तें कळेल तेव्हां पाणी घरांत आलेलें असेल, आणि ओल्या छपरावर चढतां येत नाहीं.

एके वर्षीं मीं स्वतः ही शाकारणी टाळली. मागल्या दोन पावसाळ्यांत छप्पर गळलें नव्हतें, मजुरी वाढली होती, आणि एवढ्यांत कांहीं बिघडत नाहीं असें मनानें सांगितलें. आषाढांतल्या एका रात्रीं माडीवरचीं चार कौलें सरकलीं. सकाळीं उठून पाहतों तों माझ्या वडिलांनीं आयुष्यभर जमविलेलीं पुस्तकें लगद्यासारखीं फुगून एकमेकांस चिकटलीं होतीं. पुस्तकें पुन्हां विकत मिळालीं. पण त्यांच्या समासांत वडिलांनीं स्वहस्तें लिहिलेलीं टिपणें मिळालीं नाहींत. कांहीं नुकसानें पैशानें भरून येतात आणि कांहीं येत नाहींत, हा धडा मला त्या दिवशीं मिळाला. आणि पुढें जें मी मांडणार आहें त्याचें मूळ त्या धड्यांतच आहे.

गेल्या सत्रांत आमच्या वरच्या वर्गांची वादविवादसभा भरली होती. विषय असा होता: “हवामानांतील पालटाच्या परिणामांची पूर्ण खात्री होण्यापूर्वींच राष्ट्रांनीं त्यावर उपाय योजावे काय?” अध्यक्षस्थान माझ्याकडे होतें. मुलें चांगलीं बोललीं. एकानें विचारलें कीं, शास्त्रज्ञांचेच आंकडे जर एकमेकांशीं पुरते जुळत नाहींत, तर हातचें सोडून पळत्याच्या पाठीं कां लागावें? दुसरीनें म्हटलें कीं, हा धूर प्रथम ज्यांनीं केला त्या श्रीमंत देशांनींच आधीं काय तें करावें. सर्वांच्या शेवटीं एक अबोल मुलगा उठला. तो म्हणाला, “सर, माझे वडील कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांत कामाला आहेत. जगाच्या सावधगिरीचा खर्च आमच्या घरानें कां सोसावा?” इतक्यांत घंटा झाली. खरें सांगावयाचें तर ती झाली म्हणून मला बरें वाटलें; कारण त्या प्रश्नाचें नीट उत्तर त्या क्षणीं माझ्यापाशीं नव्हतें. तें उत्तर देण्याचा यत्न मी येथें करितों. तो मुलगा हें वाचील, आणि त्याचे वडीलहि वाचतील, अशी मला आशा आहे.

प्रथम आपणांस निश्चित काय ठाऊक आहे तें पाहूं. पृथ्वीभोंवतालची हवा पांघरुणासारखी उष्णता धरून ठेवते ही कल्पना फुरिए या फ्रेंच गणितज्ञानें १८२४ सालीं मांडली. १८५६ सालीं अमेरिकेंतील यूनिस फूट या विदुषीनें कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेविल्या, आणि कार्बन डायऑक्साइड भरलेली नळी सर्वांत अधिक तापते असें दाखविलें. पुढें तीनच वर्षांनीं टिंडल यानें कोणता वायु उष्णता अडवितो व कोणता अडवीत नाहीं याचें मोजमाप केलें. १८९६ सालीं स्वीडन देशांतील आऱ्हेनियस यानें कोळसा जाळून जाळून हवेंतील हा वायु दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचें गणित हातानें मांडलें. तात्पर्य, ही कल्पना कालपरवांच्या राजकारणांतून निघालेली नाहीं. आपल्या पणजोबांच्या काळींहि ती ग्रंथांतरीं होती.

१९५८ सालीं चार्लस कीलिंग यानें हवाई बेटांतील मौना लोआ या पर्वतावर हा वायु नित्य मोजण्यास आरंभ केला. तेव्हां हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. कारखान्यांच्या युगापूर्वीं सुमारे २८० होते. २०२४ सालीं त्याच ठिकाणीं सरासरी ४२४ भागांहून अधिक मोजले गेले. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सियसनें वाढलेलें होतें, आणि २०२४ हें एक वर्ष तर सुमारे दीड अंशाच्या वर गेलें. १९०१ ते २०१८ या अवधींत समुद्राची पातळी सरासरी २० सेंटिमीटर वर आली. हवामानाच्या अभ्यासासाठीं १९८८ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२१ च्या आपल्या अहवालांत, मनुष्याच्या करणीनें हवा, समुद्र व भूमि तापली आहे याविषयीं संदेह उरलेला नाहीं असें स्पष्ट म्हटलें.

मग अनिश्चित काय आहे? अनिश्चित आहे तें प्रमाण. हा वायु दुप्पट झाला असतां पृथ्वी नक्की किती अंशांनीं तापेल, पाऊस कोठें वाढेल व कोठें आटेल, हिमनग किती वेगानें वितळतील, याविषयींच्या अनुमानांत अजून अंतर आहे. तें अंतर लपविण्यांत कांहीं हांशील नाहीं. शास्त्राची थोरवीच अशी आहे कीं, आपणांस किती ठाऊक नाहीं हेंहि तें मोजून सांगतें. परंतु त्या मुलाचा पहिला प्रश्न येथेंच उभा राहतो: अंतर आहे तर तें मिटेपर्यंत थांबूं नये काय?

थांबून काय मिळालें याचा हिशेब आपल्यापुढें आहे. १९७९ सालीं अमेरिकेंतील ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालीं शास्त्रज्ञांची एक समिति बसली. हा वायु दुप्पट झाल्यास तापमान सुमारे ३ अंश वाढेल, परंतु त्यांत दीड अंशाची चूक इकडे अथवा तिकडे संभवते, असा तिनें निर्वाळा दिला. बेचाळीस वर्षांनीं, म्हणजे २०२१ सालीं, वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळानें जें उत्तर दिलें तें असें: सर्वांत संभवनीय ३ अंश, आणि बहुधा अडीच ते चार यांच्या दरम्यान. उपग्रह फिरले, गणकयंत्रें आलीं, हजारों विद्वानांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं, आणि मधला आंकडा होता तेथेंच राहिला. त्याच अवधींत हवेंतील वायु मात्र सुमारे ३३७ भागांवरून सुमारे ४१६ भागांवर गेला. जी खात्री येईपर्यंत थांबावयाचें ती अर्धीमुर्धी आली, आणि ज्याची भीति होती तें मात्र पुरतें पुढें सरकलें. “बैल गेला आणि झोंपा केला” ही म्हण आपल्या पूर्वजांनीं विनाकारण केली नाहीं.

येथें एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत धरावी. अनिश्चितता ही एकाच बाजूची नसते. “कदाचित् अनुमानापेक्षां कमी होईल” असें म्हणण्यास जितकी जागा आहे, तितकीच “कदाचित् अधिक होईल” असें म्हणण्यास आहे. घाटांतल्या रस्त्यावर दाट धुकें पडलें असतां पुढचें वळण दिसत नाहीं. म्हणून कोणी शहाणा सारथी गाडीचा वेग वाढवीत नाहीं. न दिसणें हें वेग कमी करण्याचें कारण आहे, वाढविण्याचें नव्हे.

अशा प्रसंगीं विवेकी मनुष्यानें दोन चुका तराजूंत घालून पाहाव्या. समजा, आपण उपाय केले आणि भीति अतिरंजित ठरली; तर काय गमावलें? कांहीं पैसा व कांहीं श्रम. तेहि सगळे वायां जात नाहींत. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकीं पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत घेतो. तें कमी लागलें तर पैसा घरांत राहील. चुलीचा व मोटारींचा धूर कमी झाला तर मुलांचीं फुप्फुसें निरोगी राहतील. उलटपक्षीं समजा, आपण स्वस्थ बसलों आणि भीति खरी ठरली. तर ती चूक सुधारतां येत नाहीं. हवेंत एकदां गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराच अंश शतकानुशतकें तेथेंच राहतो. वितळलेली हिमनदी आपल्या नातवंडांच्या हयातींत पुन्हां गोठत नाहीं. पहिली चूक म्हणजे फुकट गेलेली शाकारणी. दुसरी चूक म्हणजे समासांतलीं टिपणें.

कोणी म्हणेल कीं हे तर्क झाले. असें पूर्वीं कोठें घडलें आहे काय? घडलें आहे, आणि तें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावयास पाहिजे. १९७४ सालीं मोलिना व रोलंड या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं एक शंका प्रसिद्ध केली. शीतपेट्यांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुओरोकार्बन नांवाचे वायु वर चढून, सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपलें रक्षण करणाऱ्या ओझोनच्या थराचा नाश करीत असावे, अशी ती शंका होती. त्या वेळीं तो नाश कोणींहि डोळ्यांनीं पाहिलेला नव्हता. कारखानदार म्हणत होते कीं प्रयोगशाळेंतल्या गणितासाठीं धंदा बुडवूं नका. तरीहि १९७८ सालीं अमेरिकेनें बहुतेक फवाऱ्यांतून हे वायु वर्ज्य केले. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावर काम करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं तेथील ओझोन दर वसंतांत भयंकर घटत असल्याचें दाखविलें, आणि ता. १६ सप्टेंबर १९८७ रोजीं माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला. त्या दिवसापर्यंत ध्रुवावरील त्या घटीचें नेमकें कारण पुरतें सिद्ध झालेलें नव्हतें. निर्णायक पुरावा त्यानंतर हातीं आला. राष्ट्रांनीं त्याची वाट पाहिली नाहीं. पुढें जगांतील यच्चयावत् राष्ट्रांनीं त्या करारावर मान्यता दिली, १९९५ सालीं मोलिना, रोलंड व क्रुटझन यांस नोबेल पारितोषिक मिळालें, आणि २०२२ च्या शास्त्रीय अहवालाप्रमाणें दक्षिण ध्रुवावरील ओझोन सुमारे २०६६ पर्यंत १९८० च्या स्थितीला येईल असा अंदाज आहे. वेळेवर शाकारणी केली तर घर वांचतें, याचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

हें उदाहरण देतांना मी प्रामाणिकपणें एक भेदहि सांगतों. ते वायु थोड्या कारखान्यांत तयार होत व त्यांना पर्याय सांपडले. कोळसा व तेल यांची गोष्ट निराळी आहे. आपली भाकरी, आपला कपडा, आपलें दप्तर, या सर्वांत त्यांचा अंश आहे. म्हणून ओझोनचें काम जितक्या लवकर उरकलें तितक्या लवकर हें उरकणार नाहीं. परंतु जें काम लांबचें त्याला आरंभ लवकर करावा लागतो, उशीरां नव्हे.

सावधगिरी हा कांहीं आंधळा मंत्र नव्हे हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. सावधगिरीच्या नांवाखालींहि अविचार होऊं शकतो. जर्मनीनें २०११ सालीं जपानांतील फुकुशिमाच्या अपघातानंतर आपलीं अणुवीजकेंद्रें बंद करण्याची घाई केली, आणि शेवटचीं तीन केंद्रें एप्रिल २०२३ मध्यें बंद झालीं. तीं चालूं ठेवून कोळशाचीं केंद्रें आधीं बंद केलीं असतीं तर हवेंत धूर पुष्कळ कमी गेला असता. एका भीतीपासून पळतांना दुसऱ्या संकटाला जवळ केलें. तसेंच उद्यां सकाळीं सर्व कोळसा बंद करा असें म्हणणाऱ्यास मी विचारीन कीं, इस्पितळांतला दिवा व विहिरीवरचा पंप कशावर चालवाल? आमच्या विद्यार्थ्यांना मिसर देशांतील योसेफाची गोष्ट ठाऊक आहे. सुबत्तेच्या सात वर्षांत त्यानें पुढील दुष्काळासाठीं धान्य सांठविलें. परंतु त्यानें पिकाचा पंचमांश घेतला, सर्व पीक घेतलें नाहीं. सावधगिरीलाहि माप असतें. १९९२ सालच्या आंतरराष्ट्रीय हवामानविषयक करारांतहि हेंच तत्त्व आहे: गंभीर अथवा भरून न येणाऱ्या हानीची भीति असेल तेथें पूर्ण शास्त्रीय खात्री नाहीं या सबबीवर उपाय लांबणीवर टाकूं नयेत, पण ते उपाय खर्चाच्या मानानें फलदायी असावे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९९६ सालीं तामिळनाडूंतील चर्मालयांच्या खटल्यांत सावधगिरीचें हें तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचें मान्य केलें.

आतां त्या विद्यार्थिनीचा प्रश्न: आधीं श्रीमंतांनीं कां करूं नये? तिचें म्हणणें अर्ध्याहून अधिक खरें आहे. आपल्या देशांत दर माणशीं वर्षाला सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेंत जातो. अमेरिकेंत तो सुमारे १४ टन जातो. हें कर्ज प्रथम ज्यांनीं केलें त्यांनीं तें आधीं व अधिक फेडावें हा न्याय आहे, आणि तो आपल्या देशानें प्रत्येक परिषदेंत ठणकावून मागावा. परंतु एकूण धुराच्या बाबतींत चीन व अमेरिका यांच्या मागोमाग तिसरा क्रमांक आपलाच आहे. आणि पाऊस छपरांवर पडतो तो घरधन्याचा हिशेब पाहून पडत नाहीं. ता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१६ च्या एप्रिलांत लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. एखाद्या पुरावरून अथवा दुष्काळावरून सिद्धान्त काढूं नये हें मी वर्गांत शिकवितों व येथेंहि तेंच म्हणतों. परंतु हवा एक अंशानें तापली कीं तिच्यांत सुमारे सात टक्के अधिक वाफ मावते हें भौतिकशास्त्र आहे. आणि १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असें पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं इतरांच्या साह्यानें केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. शेजाऱ्यानें आपलें छप्पर शाकारलें नाहीं म्हणून रागानें आपलेंहि उघडें ठेवणें हा न्याय नव्हे. ती स्वतःचीच शिक्षा आहे.

शेवटीं त्या अबोल मुलाचा प्रश्न. सर्वांत कठीण तोच आहे, आणि मला वाटतें, सर्वांत खराहि तोच. आपल्या देशांतील विजेचा मोठा भाग अजून कोळशापासूनच होतो. ज्या दिव्याखालीं बसून मी हा लेख लिहीत आहें तो त्याच्या वडिलांसारख्यांच्या घामावर जळतो. त्यांना या गोष्टींत अपराधी ठरविणें म्हणजे कृतघ्नपणा होय. सर्वांच्या रक्षणासाठीं विमा उतरावयाचा, तर त्याचा हप्ता एका घरानें भरावा हें कोणत्या न्यायांत बसतें?

महाराष्ट्राला या बाबतींत एक कडू अनुभव आहे. १९८२ च्या जानेवारींत मुंबईंतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. संप फसला, पुढें गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि लालबाग-परळच्या हजारों घरांतली चूल विझली. गिरण्यांच्या जागीं उंच इमारती उठल्या. पण ज्या हातांनीं तें शहर उभें केलें त्यांची पूर्वतयारी कोणींच केली नव्हती. धंदे बदलतात, तें कोणाच्या हातीं नाहीं. परंतु बदलाची चाहूल लागली असतांहि कामगारांसाठीं आधीं सोय न करणें हें मात्र माणसाच्या हातचें पाप आहे.

म्हणून माझें त्या मुलाला उत्तर असें आहे: तुझ्या घरानें हा खर्च एकट्यानें सोसूं नये, आणि सोसावा असें जो म्हणेल त्याची सावधगिरी अपुरी आहे. खरी सावधगिरी जशी हवेविषयीं, तशीच माणसांविषयींहि असते. माँट्रियलच्या करारांत गरीब राष्ट्रांना दहा वर्षांची अधिक मुदत देण्यांत आली, आणि १९९० सालीं लंडन येथें त्यांच्या साह्यासाठीं श्रीमंत राष्ट्रांच्या पैशांतून निधि उभारण्याचें ठरलें. भारत १९९२ सालीं त्या करारांत आला तो त्यानंतर. जें राष्ट्राराष्ट्रांत शक्य झालें तें एका राज्यांतल्या गांवागांवांत अशक्य कां असावें? वीजकेंद्र बंद करावयाचें तर त्याची तिथि कित्येक वर्षें आधीं जाहीर करावी. त्याच तालुक्यांत नवा धंदा आधीं उभा करावा. जुन्या कामगारांस नवें काम शिकवावें, आणि ज्यांचें शिकण्याचें वय उलटलें त्यांस सन्मानानें निवृत्तिवेतन द्यावें. हा खर्च सावधगिरीच्या खर्चांतच धरला पाहिजे. तो वगळून जो स्वस्त दिसतो तो हिशेब खोटा आहे. आणि हेंहि लक्षांत घे कीं, अशी व्यवस्था करण्यास अवधि लागतो. आज आरंभ केला तर तुझ्या वडिलांच्या सोबत्यांना पंधरावीस वर्षें मिळतील. आणखी वीस वर्षें थांबलों तर संकट दारांत उभें असेल व गिरण्यांप्रमाणें एका रात्रींत कुलूप लागेल. लवकर आरंभ करण्यांत तुझ्या घराचेंहि हित आहे, तें असें.

यांत आशेलाहि जागा आहे. २०१० ते २०१९ या काळांत सूर्यापासून वीज करण्याचा खर्च सुमारे पंचाऐंशी टक्क्यांनीं उतरला. विजेच्या घटांचाहि तितकाच उतरला. कांहीं राष्ट्रांनीं खात्री होण्याची वाट न पाहतां त्या विद्येंत पैसा घातला, म्हणून ती आज स्वस्त झाली. विम्याचा हप्ता थोड्या लोकांनीं आधीं भरला आणि तो सर्वांसाठीं उतरला, असा हा नवलाचा हिशेब आहे.

पालकहो, आपण विचाराल कीं एका शाळेनें व चार घरांनीं काय होणार? आपल्या दिव्यानें वा आपल्या झाडानें जगाचें तापमान मोजण्याइतकेंहि उतरणार नाहीं. मुलांना तसें सांगून आपण त्यांस फसवूं नये. हें काम मुख्यतः सरकारांचें, कायद्यांचें व मोठ्या कारखान्यांचें आहे. परंतु सरकारें लोकमताकडे पाहून चालतात, आणि लोकमत घराघरांतल्या ओट्यावर तयार होतें. म्हणून एवढें करावें: मुलांनीं हा प्रश्न विचारला तर तो थट्टेवारी नेऊं नये. मतें मागावयास येणाऱ्या उमेदवारास, पुराचें व पाण्याचें काय, आणि कोळशावर पोट असलेल्यांचें काय, हे दोन्ही प्रश्न एकदमच विचारावे. घरांत पुढील पन्नास वर्षांसाठीं जें कांहीं बांधावयाचें, मग तें छप्पर असो, विहीर असो कीं मुलाचा धंदा असो, तें पूर्वींसारखेंच हवामान राहील असें गृहीत धरून बांधूं नये.

आणि विद्यार्थीमित्रहो, आपल्या देशानें २०२१ सालीं ग्लासगो येथील परिषदेंत २०७० पर्यंत आपल्या धुराची जमाबाकी शून्यावर आणण्याचें वचन दिलें आहे. तें वचन देणाऱ्यांपैकीं बहुतेक तें पुरें झालेलें पाहावयास नसतील, मीहि नसेन. तुमच्यापैकीं जो आज पंधरा वर्षांचा आहे तो त्या सालीं साठीच्या घरांत असेल, आणि त्याचीं नातवंडें त्याला विचारतील कीं, आजोबा, ठाऊक असूनहि थांबलां कां? त्या वेळीं “पुरावा पुरता नव्हता” हें उत्तर त्यांस पटेल असें मला वाटत नाहीं.

सभेच्या दिवशीं मीं मत दिलें नाहीं. अध्यक्षानें देऊं नये असा आमचा नियम आहे. आज देतों. उपाय आतांच योजावे, मापानें योजावे, आणि त्यांचा भार ज्याच्या खांद्यांत बळ आहे त्यानें अधिक वाहावा. माझ्या घराची शाकारणी त्या वर्षापासून एकदांहि चुकलेली नाहीं. कांहीं वर्षीं पाऊस थोडाच पडला. खर्च फुकट गेला असें मात्र मला कधींच वाटलें नाहीं.

— एक शिक्षक